मालेफीक (२००२): चार कैदी, एक कोठडी आणि भिंतीतली वही

शेवंती

गेली दोन वर्षं मी फ्रेंच शिकतेय. आमच्या बाईंचा आग्रह असतो की महिन्यातून एक तरी सिनेमा फ्रेंच सबटायटल्स लावून बघायचाच, इंग्रजी लावायची नाहीत. आत्तापर्यंत कॅफेत बसून सिगरेटी ओढत नात्यांवर बोलणारी माणसं बघून बघून जीव विटला होता. या महिन्यात म्हटलं, भुताचं काहीतरी बघू. तर हा ‘मालेफीक’ हाती लागला. दिग्दर्शक एरिक व्हालेत, वर्ष २००२, लांबी दीड तासाच्या आसपास.

(शोधताना एक गंमत. परीकथेतल्या त्या शिंगवाल्या डिस्ने चेटकिणीचं फ्रेंच नावही ‘मालेफीक’च आहे. त्यामुळे नुसतं नाव टाकलंत तर पहिले शंभर निकाल तिचेच येतात. मुलांसोबत बघायला बसू नका म्हणजे झालं.)

गोष्ट एवढीच. कारेर नावाचा एक कंपनीवाला साहेब आर्थिक घोटाळ्यात आत जातो. त्याची पक्की खात्री आहे की बायको दोन दिवसांत जामीन करेल आणि आपण घरी जाऊन पोराला भेटू. कोठडीत आधीच तिघं आहेत. मार्क्युस पीळदार शरीराचा, पण त्याला बाई व्हायचंय, आणि ते अर्ध्या वाटेवर राहिलंय. पाकरेत हा मतिमंद तरुण मार्क्युसच्या मागेमागे लेकरासारखा फिरतो. त्याने आपल्या तान्ह्या बहिणीला खाल्लंय. तिसरे लासाल, पांढऱ्या केसांचे, सभ्य, तुरुंगाचं ग्रंथालय सांभाळणारे. त्यांनी बायकोचा खून केलाय. ‘पाकरेत’ म्हणजे डेझीचं फूल. असं नाव त्या पोराला ठेवणाऱ्या पटकथाकाराचं मला कौतुकही वाटलं आणि भीतीही.

एके दिवशी भिंतीतला दगड निखळतो आणि आतून एक वही निघते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कोठडीत असलेल्या दांव्हेर नावाच्या खुन्याची. त्याला पुन्हा तरुण व्हायचा ध्यास होता. वहीत आकृत्या, मंत्र आणि बाहेर जाण्याची वाट. यापुढचं सांगत नाही.

मला सांगायचंय ते वेगळं. तुरुंगातून पळण्याचे सिनेमे आपण ढिगाने बघितलेत. त्यांत माणसं खणतात, कापतात, दोर वळतात. इथे ती वाचतात! सगळी धडपड एकाच गोष्टीची, हे पान लागलं पाहिजे. कुणाला भाषा येते, कुणाला आकृती कळते, कुणी नुसतं हुंगून बघतो. शेवटी परीक्षा असल्यासारखे चौघं त्या वहीला भिडतात. आणि हळूहळू लक्षात येतं की वहीच एकेकाला वाचतेय. कोण कशासाठी झुरतोय हे तिला बरोबर कळतं, आणि ती ते देते. शब्दशः देते, तिथेच घात होतो.

‘मालेफीक’ म्हणजे अनिष्ट, घातक. फ्रेंच ज्योतिषात शनी-मंगळाला हेच विशेषण लावतात, म्हणजे आपला पापग्रह. आपल्याकडेही पापग्रह बाहेरून धोंडा टाकत नाही, पत्रिकेत तुमच्याच घरात येऊन बसतो.

दुसरा शब्द ‘ग्रिमुआर’, मंत्रतंत्राची पोथी. याचं मूळ ‘ग्रामेर’, म्हणजे व्याकरण! मध्ययुगात ज्याला लॅटिन व्याकरणाचं पुस्तक वाचता येतं तो काहीतरी काळी विद्या करत असणार, असा अडाणी लोकांचा समज. हे कळल्यावर मी माझ्या क्रियापदांच्या वहीकडे संशयाने बघायला लागलेय.

कुणी बघितलाय का हा? बोला.

मध्यरात्रीचा_चहा

पहिला प्रतिसाद माझा! बघितलाय, बारा-तेरा वर्षांपूर्वी, हॉस्टेलमध्ये, कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून. पाकरेतचं जे होतं त्या प्रसंगानंतर आमच्या खोलीतल्या एकाने उठून दिवा लावला आणि तो सकाळपर्यंत बंद केला नाही. आम्ही त्याला हसलो, पण दिवा बंद करायला आमच्यापैकीही कुणी उठलं नाही.

पुढील लेखनाला शुभेच्छा.

खडूस_काका

चाळीस मिनिटांनंतर मी घड्याळ बघायला लागलो. एक खोली, चार माणसं, एक वही. हे नाटक आहे, सिनेमा नव्हे. आणि शेवटाकडे संगणकावर केलेल्या करामती आज बघवत नाहीत. पाच पैकी दोन.

आडवाटेचा_वाटाड्या

काका, एक खोली आणि चार माणसं हा दोष कसा? तुरुंग आहे तो, मैदान कुठून आणणार? उलट माझ्या मते व्हालेतची हुशारी तिथेच आहे. पैसे कमी होते म्हणून कोठडीबाहेर जायचंच नाही असं ठरवलं, आणि मग त्या भिंतींतून जेवढं निघेल तेवढं काढलं. खाटा, खिडकी, पाण्याचा नळ. अर्ध्या तासात ती खोली आपल्याला आपल्या स्वयंपाकघरासारखी पाठ होते, आणि मग त्यातली एक गोष्ट जागची हलली तरी पोटात गोळा येतो.

करामतींबद्दल मात्र सहमत. तरी हाताने केलेल्या गोष्टी, म्हणजे मेकअप, नकली मांस वगैरे, अजून टिकून आहेत.

शेवंती, ‘खणण्याऐवजी वाचणं’ फार आवडलं. त्यावरून आठवलं. फ्रेंचांचा तुरुंगफोडीचा सर्वांत थोर सिनेमा म्हणजे जाक बेकेरचा ‘ल त्रू’ (१९६०). ‘त्रू’ म्हणजे भोक. पॅरिसच्या ला सांते तुरुंगात १९४७ साली खरोखर झालेल्या प्रयत्नावर बेतलेला. त्या टोळीतला खरा माणूस, झाँ केरोदी, सिनेमात काम करतो आणि सुरुवातीला कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की ही माझी गोष्ट. फरशी फोडण्याचा प्रसंग तर विसरणं अशक्य. न कापता, मिनिटामागून मिनिट, लोखंडाचा तुकडा काँक्रीटवर आदळत राहतो. पार्श्वसंगीत नाही, फक्त ठण् ठण्. टूथब्रशला आरशाचा तुकडा बांधून दाराच्या भोकातून पहारेकरी बघायची युक्तीही त्यातलीच. बेकेर सिनेमा प्रदर्शित होण्याच्या काही आठवडे आधी वारला.

आता साम्य बघा. तिथेही मुरलेल्या कैद्यांच्या कोठडीत एक नवा, चांगल्या घरचा, मऊ हातांचा माणूस येऊन पडतो, आणि सगळ्या सिनेमाचा प्रश्न हाच की याच्यावर भरवसा ठेवायचा का. ‘मालेफीक’ तिथूनच सुरू होतो. व्हालेतने त्या सिनेमातलं भोक बुजवलं आणि त्यात एक वही ठेवली, असं मी म्हणेन. पुढे २०११ मध्ये त्याने ‘ला प्रोआ’ केला, त्यातही तुरुंगातून पळणं आहेच. मधल्या काळात अमेरिकेत जाऊन एका जपानी भुताच्या सिनेमाची इंग्रजी आवृत्ती करून आला. त्याविषयी न बोललेलं बरं.

चिंचपेटी

लिंक मिळेल का?

शेवंती

नाही मिळणार. चोरीच्या लिंका इथे देऊ नयेत ही विनंती. तुमच्या भागात कुठे अधिकृत दिसतोय का ते शोधा.

वाटाड्या, ‘ल त्रू’ यादीत टाकला. जाता जाता, तुरुंगातून पसार होणं याला फ्रेंच बोलीत ‘स फेर ला बेल’ म्हणतात. बेल म्हणजे सुंदरी. बाईंनी हा वाक्प्रचार शिकवला तेव्हा वर्गातले सगळे भलतंच समजले होते.

लिओंकर

मी फ्रान्समध्ये लिओं शहरात असतो, म्हणून थोडी भर.

इथे माँल्युक नावाचा जुना तुरुंग आहे, आता स्मारक केलंय, २०१० पासून आत जाता येतं. जर्मन ताब्याच्या काळात गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, क्लाउस बार्बी इथे लोकांना डांबायचा. जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीचा नेता झाँ मुलाँ इथेच होता, इझ्यू गावातून पकडून नेलेली ४४ ज्यू मुलंही एप्रिल १९४४ मध्ये इथेच ठेवली होती. आंद्रे दव्हिनी नावाचा फ्रेंच लष्करी अधिकारी १९४३ मध्ये इथून निसटला, आणि त्याच्यावर रोबेर ब्रेसाँने १९५६ चा सिनेमा केला, ज्याच्या शीर्षकातच सांगून टाकलंय की फाशीचा कैदी पळाला. शेवट आधीच माहीत, तरी श्वास रोखून बघतो आपण. चमचा घासून छिन्नी, अंथरुणाच्या कापडाचा दोर.

मी गेलो तेव्हा गाइड बाईने आम्हाला एका कोठडीत उभं केलं, सात-आठ जणांना, आणि दार नुसतं लोटलं. कडी लावली नव्हती. पण एकमेकांचे श्वास ऐकू यायला लागले आणि एक आजोबा म्हणाले, “सा सुफी.” म्हणजे पुरे झालं.

फ्रान्समध्ये ५ जून १८७५ चा कायदा आहे, की खटला चालू असलेल्या आणि छोट्या शिक्षेच्या कैद्यांना स्वतंत्र कोठडी. तेव्हापासून आजपर्यंत त्याची पूर्ण अंमलबजावणी झालेली नाही, दर वेळी मुदत पुढे. २००० साली ला सांतेच्या मुख्य डॉक्टर व्हेरोनिक व्हासर यांनी तिथल्या उंदीर, उवा, अत्याचार, आत्महत्या यांवर पुस्तक लिहिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी चौकशा लावल्या. हा सिनेमा त्यानंतर दोनच वर्षांनी आलाय. त्यामुळे चौघं एका खोलीत हे दृश्य तेव्हाच्या प्रेक्षकाला नुसतं भयपटाचं नेपथ्य वाटलं नसणार.

निवृत्त_बिल्ला

मी भयपट बघत नाही. पण धागा तुरुंगाचा दिसला म्हणून आलो. तुरुंग खात्यात तेहतीस वर्षं नोकरी झाली, आता घरी कुंड्यांना पाणी घालतो.

त्या कंपनीवाल्या साहेबाचं जे लिहिलंय ते तंतोतंत. पांढरपेशा माणूस नवा आत आला की पहिला आठवडा त्याचं एकच पालुपद, “साहेब, माझा आज जामीन होतोय.” अंथरूणसुद्धा नीट घालत नाही, कशाला घालायचं, संध्याकाळी जायचंच आहे. जेवणाच्या ताटाला हात लावत नाही. मुलाखतीला बायको येते, मग पंधरा दिवसांनी येते, मग तिचा भाऊ येतो. एका सकाळी तो गडी स्वतःहून ताट घेऊन रांगेत उभा राहिलेला दिसतो. त्या दिवशी तो खरा आत आला असं आम्ही समजायचो.

दुसरं, ग्रंथालयवाला कैदी. लिहिता-वाचता येणाऱ्याला आत फार मान. सगळ्यांचे अर्ज तोच लिहितो, कोर्टाचे कागद तोच वाचून दाखवतो. मारामारी करणारे दादा लोक त्याला हात लावत नाहीत, कारण अपील कोण लिहिणार? पुस्तकं मात्र आम्ही नीट झडती घेऊन आत सोडायचो. पुठ्ठ्याच्या आत, शिवणीत, काय काय लपवलेलं सापडायचं. भूत नाही सापडलं कधी.

मध्यरात्रीचा_चहा

काका, लोल! पण विचारतोच. रात्रपाळीत कधी काही अनुभव?

निवृत्त_बिल्ला

अनुभव एकच. संध्याकाळी बंदी झाली, म्हणजे कोठड्यांना कुलपं लागली, की गिनती होते. आकडा जुळला नाही की परत गिनती. एका पावसाळ्यात एक माणूस कमी भरत होता. तीनदा मोजलं. सगळे अधिकारी घामाघूम. चौथ्यांदा मोजलं तर जुळला. तो कुठे होता म्हणाल तर ब्लँकेटाखाली मुटकुळं करून झोपला होता. त्या अर्ध्या तासात जेवढी भीती वाटली तेवढी तुमच्या सिनेमाने वाटायची नाही.

शेवंती

काका, नमस्कार! तुमच्यासारख्यांचा प्रतिसाद येईल असं वाटलंच नव्हतं. “त्या दिवशी तो खरा आत आला” हे वाक्य वाचून मी सिनेमा परत लावला. कारेर वहीकडे पहिल्यांदा मनापासून बघतो ते केव्हा, तर बाहेरून कुणी येणार नाही हे कळल्यावर. तोवर त्याला त्या तिघांचे चाळे बालिश वाटत असतात.

तुमच्या खात्यातला ‘पॅरोल’ हा शब्दही मूळचा फ्रेंच. ‘पारोल’ म्हणजे दिलेला शब्द. परत येईन असा शब्द देऊन जायचं.

सांजदिवा

मला एक खटकलं ते लिहिते. मार्क्युस. क्लोव्हिस कॉर्नियाक जीव ओतून काम करतो, त्यात वाद नाही. (हाच माणूस २००८ मध्ये पडद्यावर अॅस्टेरिक्स, म्हणजे फ्रेंच कॉमिकमधला तो विनोदी नायक, झाला होता, विश्वास बसत नाही.) पण स्त्री होऊ पाहणारं पात्र म्हणजे विचित्र, हिंसक, बघ्यांनी दचकावं असं, हा जुना घाणेरडा साचा आहे. बहीण खाणारा, बायको मारणारा आणि हा, असे एका माळेत ओवलेत. का? त्याचा गुन्हा काय होता ते आठवतंय का कुणाला? मला आठवत नाही, फक्त शरीर आठवतं. यातच सगळं आलं.

आणि शेवंती, तूही ‘तो’ लिहिलंयस.

शेवंती

खरं आहे. सबटायटल्समध्ये कधी काय येतं त्या गोंधळात मी सोपं ते लिहून गेले. यापुढे ‘ती’ लिहीन.

आडवाटेचा_वाटाड्या

सांजदिवा, अर्धं पटतं. सुरुवातीला कॅमेरा तिच्याकडे जत्रेतल्या तंबूत बघावं तसा बघतो. पण नंतर पाकरेतला कुशीत घेणारी, त्याला ओरडणारी, त्याच्यासाठी रडणारी तीच आहे. त्या कोठडीत आईपण फक्त तिच्याकडे आहे. कारेर बाप असून पोराच्या फोटोपलीकडे जात नाही. माझ्या लेखी सिनेमातलं एकमेव माणूस मार्क्युस.

सांजदिवा

आईपण दाखवलं म्हणजे साचा मोडला असं होत नाही. पण त्या कोठडीत आईपण फक्त तिच्याकडे आहे, असा विचार मी केला नव्हता. परत बघेन. लगेच नाही, जेवण जाणार नाही मला.

खडूस_काका

लासालबद्दल कुणीच बोलेना? फिलिप लोदनबाक. दोन गुण मी दिले ते त्यालाच. आवाज चढवत नाही, डोळे मोठे करत नाही, चहात साखर किती विचारावं तसा बोलतो. २०१० च्या त्या अल्जीरियातल्या ख्रिस्ती साधूंच्या सिनेमात तो एक साधू होता. दोन्ही पाठोपाठ बघा, मग नट म्हणजे काय ते कळेल. २०२४ मध्ये गेला बिचारा.

लिओंकर

दांव्हेरच्या ‘तरुण व्हायचा ध्यास’ यावर जरा. हे पटकथाकाराच्या डोक्यातलं खूळ वाटतं ना? पण १९२० च्या पॅरिसमध्ये हे रीतसर दुकान होतं. सर्ज व्होरोनॉफ नावाचा रशियात जन्मलेला शल्यविशारद माकडाच्या वृषणाच्या चकत्या श्रीमंत म्हाताऱ्यांच्या अंगात बसवायचा, तारुण्य परत यावं म्हणून. पहिली शस्त्रक्रिया जून १९२० ची. रांगा लागायच्या. इटलीच्या सीमेवर त्याचा बंगला होता, तिथे माकडं पाळलेली. आणि त्याच काळात लांद्रू. लग्नाच्या जाहिराती देऊन बायकांना बोलवायचा. दहा बायका आणि एकीचा मुलगा, असे अकरा खून सिद्ध झाले. प्रेतं मिळाली नाहीत, चुलीतली राख आणि हाडांचे तुकडे मिळाले, आणि त्याच्या खिशातल्या वहीत बारीकसारीक हिशोब. परत न येणाऱ्या बाईचं रेल्वेचं तिकीट फक्त जायचं काढलेलं! २५ फेब्रुवारी १९२२ ला व्हर्सायला गिलोटिनखाली शिरच्छेद.

माकडवाला डॉक्टर आणि वहीवाला खुनी, दोघांना एकत्र मळलं की दांव्हेर तयार होतो, हे माझं मत. पटकथाकारांना विचारायला गेलो नाहीये.

चिंचपेटी

लिंक नाही तर नाही, शेवट तरी सांगा कुणीतरी. बघायची हिंमत नाही.

मध्यरात्रीचा_चहा

कारेरला पोराला भेटायचं असतं. त्याला पोरगा दिसतो. यापेक्षा जास्त सांगितलं तर शेवंती मला वहीत घालेल.

मोडीवाला

धागा सकाळपासून वाचतोय. सिनेमा बघितला नाही, पण भिंतीतल्या वहीवरून घरची गोष्ट सांगतो.

आमचं घर रायगड जिल्ह्यात. माजघराच्या भिंतीत एक कोनाडा, त्याला फळी ठोकलेली. त्यात लाल बासनात बांधलेलं बाड. लहानपणी आम्हाला सक्त ताकीद, हात लावायचा नाही. आजी म्हणायची, पणजोबांचं आहे, त्यांना “काहीतरी येत होतं.” काय येत होतं ते कधीच सांगायची नाही. एका काकाने एकदा ते उघडलं आणि त्याच आठवड्यात त्याचा पाय मोडला, मग तर काय, पुरावाच मिळाला. आम्ही भावंडं रात्री माजघरातून न्हाणीघराकडे जाताना पळत जायचो.

आत सगळं मोडीत. घरात कुणालाच वाचता येईना. मीच हट्टाला पेटून मोडीचा वर्ग लावला. सहा महिने र आणि ल वळवण्यात गेले. गणपतीत घरी गेलो, हातपाय धुऊन बासन सोडलं. आजी देवासमोर जाऊन बसली. पहिल्या पानावर श्री, खाली शके १८४४. म्हणजे तुमच्या त्या लांद्रूचं गिलोटिन झालं त्याच सुमाराचं.

पान लागायला अर्धा तास गेला. भाताचा हिशोब निघाला. कुणाला किती पायल्या दिला, किती परत आला, व्याज किती. चाळीस पानं नुसता भात. पणजोबांना जे येत होतं ते लिहिणं.

शेवंती

हाहाहा! आणि आजी?

मोडीवाला

आजीचा विश्वास बसला नाही. “तुला नीट वाचता येत नसेल,” म्हणाली. बासन परत बांधून कोनाड्यात ठेवायला लावलं, वर हळदकुंकू.

पण खरी पंचाईत पुढे आहे. शेवटच्या पानावर एक नोंद राहिलीय, चार पायल्या भात, येणे, पुढे रेघ मारलेली नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांची पणतवंडं आमच्या शेजारीच राहतात. मी ते घरी वाचून दाखवलं ही चूक झाली. आता दर सुगीला वडील कुंपणापाशी उभे राहून त्यांच्या खळ्याकडे बघत बसतात.

खडूस_काका

व्याजाचा दर काय लावला होता पणजोबांनी? लिहा, मी काढून देतो किती झाले ते.